दान आणि देणे





महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते आणि बहुतेक वर्षी त्याच सुमारास आपला उपवासकाळ सुरू होतो. गेली काही वर्षे आम्ही जत्रेच्या दिवसांत संध्याकाळी नदीकाठावर जाऊन बसतो. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा इथे वळसा घेऊन थोडा वेळ उत्तरेकडे वाहते, म्हणून लोक या जागेला विदर्भाची काशी म्हणतात. लांबून आलेले भाविक अंघोळ करतात, ओंजळभर पाणी तोंडात घेतात, बाटलीत भरून घरी नेतात. जाळे टाकणारे ढीवर बांधव त्याच पाण्यावर पोट भरतात. काठच्या कितीतरी गावांची नळयोजना त्याच पाण्यावर चालते. आपल्या बाप्तिस्माकुंडातले पाणी तरी कुठून येते? तेही याच खोऱ्यातले.

या वर्षी काठावर बसलो असता एका म्हाताऱ्या बाईने आम्हांला विचारले, "बाबा, पाणी चांगलं आहे का?" आम्ही पांढऱ्या झग्यात होतो. कोणी साधुबाबा असावेत असे तिला वाटले असेल. आम्ही म्हणालो, "आई, उकळून प्या." ती हसली आणि ओंजळ प्यायली. तिच्या श्रद्धेची आम्ही परीक्षा करणारे कोण? पण त्या ओंजळीत काय काय आले असेल, हा विचार मनातून जाईना. त्या विचारातूनच आजचा हा लेख.

नदीत काय मिसळते?

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते. आंभोऱ्याला तिला कन्हान मिळते आणि कन्हानमध्ये त्याआधीच नागपूरची नाग नदी मिसळलेली असते. नाग नदीतून अनेक वर्षे नागपूर शहराचे सांडपाणी वाहत आले. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात उतरते आणि तिथून आपल्याकडे येते. नाग नदी शुद्ध करण्याच्या १९०० कोटींहून अधिक खर्चाच्या योजनेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी बसवली गेली. काम पूर्ण होवो, ही प्रार्थना.

पलीकडे चंद्रपूर. कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, राखेचे ढीग आणि त्यांच्यातून वाट काढणारी इरई नदी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार यादी केली, तेव्हा चंद्रपूर देशात चौथे आले. २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित भागांत नव्या उद्योगांवर काही काळ बंदी घालण्यात आली होती. इरईचे पाणी वर्धा नदीत जाते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होतात आणि पुढे प्राणहिता म्हणून गोदावरीकडे जातात. म्हणजे आपल्यापासून खाली राहणाऱ्यांना दोन्हीकडचे मिळते.

आता आपल्या चामोर्शी तालुक्यातही कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे आणि एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर खनिज निघते आहे. आम्ही इथे कोणावर आरोप करत नाही. जी मुले दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जायची, त्यांतल्या काहींना घराजवळ काम मिळाले, याचा आम्हांला आनंदच आहे. पण जिथे कारखाना येतो तिथे एक प्रश्नही येतो. पाणी बिघडले तर त्याचे देणे कोणी द्यायचे? हा प्रश्न पाणी बिघडण्याआधी विचारायचा असतो, म्हणून आज विचारतो.

आमची एक चूक

इथे आम्हांला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती इथली नव्हे. नुकतीच दीक्षा झाली होती आणि आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात एका कारखान्याजवळच्या धर्मग्रामात होतो. कारखान्याचे नाव देत नाही. माणसाची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही बदलले आहेत.

एका रात्री एक कामगार व्हरांड्यात येऊन बसला. हे पापनिवेदन नव्हते, हे स्पष्ट सांगतो. पापनिवेदनातले असते तर आमच्याबरोबर थडग्यातच गेले असते. तो म्हणाला, "फादर, मोठा पाऊस आला का टाकीचा व्हॉल्व मी खोलतो. साहेब खोल म्हणतात. घाण नाल्यात जाते, पावसात कोणाला दिसत नाही. खाली आमच्याच बहिणीचं गाव आहे. मंग पाप कोणाच्या नावानं लिहिलं जाते, माझ्या का साहेबाच्या?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती. उत्तर आले पाहिजे होते. आम्ही काय सांगितले? "तू लहान माणूस आहेस, फार विचार करू नकोस. प्रार्थना कर." तो गेला.

आम्ही असे का बोललो, हे आम्हांला तेव्हाच माहीत होते. त्याच वर्षी त्या कारखान्याने आमच्या सभागृहाच्या छपरासाठी पत्रे दिले होते. आम्ही वेदीवरून त्यांचे आभार मानले होते. पाटीही लावली होती. ज्याचे पत्रे डोक्यावर, त्याच्याविरुद्ध तोंड कसे उघडणार? खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो, आणि ते चांगलेच आहे. पण ते मीठ ज्या विहिरीत कालवले गेले तिचे काय?

खड्ड्याचा धनी

त्या कामगाराला द्यायचे होते ते उत्तर आम्ही नंतर अनेक वर्षे शोधत राहिलो. ते आपल्याच बायबलमध्ये आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीत होते.

निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात एक साधा ग्रामीण कायदा आहे. कोणी खड्डा खणला, त्यावर झाकण घातले नाही आणि शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव त्यात पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने जनावराची किंमत भरून द्यायची. हा कायदा खड्डा खणू नका असे म्हणत नाही. विहीर खणल्याशिवाय पाणी कसे मिळेल? तसेच बैल पडावा असा त्याचा हेतू होता का, हेही तो विचारत नाही. तो एवढेच म्हणतो की धोका तू निर्माण केलास, तेव्हा झाकण घालणे तुझे काम. घातले नाहीस, तर नुकसान तुझे.

आपल्या देशाचे सर्वोच्च न्यायालय जवळजवळ याच निष्कर्षावर आले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली. पुढच्याच डिसेंबरात दिल्लीत एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या खटल्यात १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितले की जो धोकादायक उद्योग चालवतो त्याची जबाबदारी पूर्ण असते. 'आम्ही काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. १९९६ मध्ये राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातील बिछडी गावाचा निकाल लागला. तिथे रसायनांच्या कारखान्यांचा गाळ जमिनीत मुरून विहिरींचे पाणी लाल झाले होते. प्रदूषण करणाऱ्यानेच स्वच्छतेचा आणि भरपाईचा खर्च सोसावा, असे न्यायालयाने ठरवले. तरी कंपनी वर्षानुवर्षे अर्जांवर अर्ज करत राहिली. शेवटी २०११ मध्ये न्यायालयाने ३७ कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. पहिल्या निकालानंतरही पंधरा वर्षे गेली. तेवढ्या वर्षांत गावातली एक पिढी वाढली. खड्डा कोणाचा हे ठरले, पण बैल केव्हाच गेला होता.

नऊ वाटा

आता त्या कामगाराचा प्रश्न. खड्डा मालकाचा, पण झाकण काढणारा हात नोकराचा. मग?

संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात नुकसानभरपाई कोणावर बंधनकारक आहे याचा विचार केला आहे. ते नऊ वाटा सांगतात. दुसऱ्याच्या नुकसानीला माणूस हुकूम देऊन, सल्ला देऊन, संमती देऊन किंवा वाहवा करून कारणीभूत होतो. आसरा देऊन किंवा प्रत्यक्ष हात लावूनही होतो. आणि गप्प बसून, न रोखून, न सांगूनही होतो. मात्र हे सगळे एका मापाचे नाहीत. पहिली जबाबदारी हुकूम देणाऱ्याची, मग तो हुकूम पाळणाऱ्याची, मग बाकीच्यांची. गप्प बसणाऱ्याचे बंधनही सर्वांना सारखे नाही. ज्याच्यावर पदाने बोलण्याची जबाबदारी आहे, त्याचे मौन अधिक जड.

म्हणजे त्या रात्री आम्ही उत्तर चुकवले होते. खरे उत्तर असे होते: "भाऊ, आधी साहेबाचे, मग तुझे. आणि मी हे ऐकून उद्या गप्प बसलो, तर माझेही." त्याने आमच्याकडे बोट दाखवले नव्हते. पण त्या यादीतल्या शेवटच्या तीन वाटांवर आम्हीच उभे होतो.

कोणी म्हणेल, कंपनी म्हणजे काही माणूस नाही, तिला आत्मा नाही, ती कुठे पापनिवेदनाला गुडघे टेकणार? खरे आहे. म्हणूनच 'कंपनीने केले' या शब्दामागे लपणे इतके सोपे असते. वरचा म्हणतो, खालच्याने केले. खालचा म्हणतो, वरून हुकूम होता. मधला म्हणतो, मी फक्त कागद पुढे सरकवला. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात 'पापाच्या रचना' असा शब्द वापरला. पण त्या रचनाही शेवटी माणसांच्या पापांतूनच उभ्या राहतात, हे त्यांनी तिथेच सांगितले. व्हॉल्व आपोआप उघडत नाही.

जपानच्या मिनामाता गावाची गोष्ट इथे आठवते. तिथे एका रसायन कारखान्याचा पारा समुद्रात जात होता. तो मासळीत गेला आणि मासळीतून माणसांत. १९५६ मध्ये रोगाची पहिली नोंद झाली. १९५९ मध्ये कारखान्याच्याच दवाखान्यातील डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून देऊन पाहिले. मांजराला तोच रोग झाला. कंपनीने तो प्रयोग दडपला. त्याच वर्षाच्या शेवटी तिने रोग्यांशी करार केला. त्यात 'सहानुभूती' म्हणून थोडे पैसे दिले आणि अट घातली की पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी आणखी काही मागायचे नाही. पारा समुद्रात जातच राहिला, १९६८ पर्यंत. डॉ. होसोकावा यांनी १९७० मध्ये मरणशय्येवरून न्यायालयासमोर साक्ष दिली. १९७३ मध्ये रोग्यांच्या बाजूने निकाल लागला आणि तो करारही न्यायालयाने रद्द ठरवला.

सहानुभूतीचे पैसे! आमच्या पत्र्यांची आठवण आम्हांला या शब्दापाशी होते.

दान की देणे?

आमच्या मते या विषयाचे मर्म इथे आहे. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करणे भाग आहे. त्यातून शाळांना बाके मिळतात, गावांना पाणी शुद्ध करण्याची यंत्रे मिळतात. ही चांगली कामे आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण समजा, एकाने तुमच्या विहिरीत घाण टाकली आणि मग दारात पाण्याचे जार आणून ठेवले, वर फोटोही काढला. त्याने तुम्हांला दान दिले का? त्याने देण्यातला एक छोटा हप्ता दिला आणि पावतीवर 'दान' लिहिले.

दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. देणे घेणाऱ्याच्या हक्काचे असते. दानाबद्दल आभार मानायचे असतात, देण्याचा हिशेब मागायचा असतो. जखय प्रभूला भेटला तेव्हा त्याने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या. अर्धी मालमत्ता गरिबांना, हे दान. आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट, हे देणे. नुसती अर्धी मालमत्ता वाटून तो मोकळा झाला नाही.

दंडाचेही तसेच आहे. २०२४ मध्ये संसदेने १९७४ च्या जल कायद्यात दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांची तुरुंगाची शिक्षा काढून टाकली आणि दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. ती सुरुवातीला काही राज्यांना लागू झाली. इतर राज्यांना ती ठराव करून स्वीकारता येते. खटले रेंगाळतात, दंड लवकर वसूल होईल, असे तिचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य असू शकते. पण ज्याला दंड सहज परवडतो त्याच्यासाठी तो दंड उरत नाही, नदी वापरण्याचे भाडे होते.

प्रायश्चित्त संस्कारात आपण काय करतो? पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई. चोरीची वस्तू घरात ठेवून पापक्षमा मिळत नाही, हे आपल्या लहान मुलांनाही धर्मशिक्षणात शिकवले जाते. पाणी बिघडवणाऱ्याकडून आपण याहून वेगळे काही मागत नाही. घाण सोडणे थांबवा. काय सोडले ते खरे सांगा. विहीर आणि नाला होता तसा करा. ज्यांचे आरोग्य, गुरे, धान गेले त्यांना भरून द्या. सूड यात कुठेच नाही. उलट, जो देणे चुकते करतो त्याच्याशीच समेट होऊ शकतो.

आपलेही पाय

यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांना खडसावतो. तुम्ही स्वच्छ पाणी पिता ते पिता, मग उरलेले पायांनी गढूळ का करता? मागच्या मेंढरांनी तेच प्यायचे का? हा प्रश्न मोठ्या मेंढरांना आहे हे खरे. पण आपल्यालाही पाय आहेत. फवारणीचा पंप आपण बोडीत धुतो. लग्नातली प्लास्टिकची ताटे नाल्यात टाकतो. मामा तलावाच्या पाळीवर कचरा टाकतो. आपला वाटा लहान आहे, पण तो आहे. मात्र 'सगळेच करतात' असे म्हणून मोठ्याचा वाटा लहान करू नये, हेही तितकेच खरे. लोट्याने आणि टँकरने ओतलेले विष एका मापाने मोजायचे नसते.

आणखी एक सावधगिरी. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा कारखान्याच्या बाबतीतही लागू आहे. चंद्रपूर, गडचिरोलीच्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. ते बहुतेक ठिकाणी जमिनीतल्या खडकातून येते, कारखान्यातून नव्हे. म्हणून आधी तपासणी, मग तक्रार. संशयावर गाव पेटवणे सोपे असते, पण त्याने खरा दोषी सुटतो.

मग आपण काय करायचे?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. हक्क कागदावर आहे. तो राखायला माणसे लागतात. या उपवासकाळात आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली: आपल्या विहिरी, हातपंप, नाले यांचे पाणी आताच तपासून घ्या आणि कागद जपून ठेवा. आज पाणी कसे आहे याची नोंद नसेल, तर उद्या ते बिघडले हे सिद्ध कसे करणार? जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत त्या कोण आहेत ते विचारा. जलसुरक्षकामार्फत नमुने शासकीय प्रयोगशाळेत जातात. आपल्या महिला मंडळाने यात पुढे व्हावे, आणि फक्त आपल्या घरांसाठी नव्हे, सर्व गावासाठी. नदीला जातधर्म नसतो.

दुसरी: काही दिसले तर तारीख, वेळ, जागा, वास, रंग लिहून ठेवा. लेखी तक्रार ग्रामपंचायतीकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाकडे द्या आणि पोच घ्या. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत जाता येते. तिथे मुदती असतात. भरपाई मागण्याला साधारण पाच वर्षे, इतर वादांना सहाच महिने. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

तिसरी: आपल्यातला जो कोणी कारखान्यात कामाला आहे, त्याला एकटे पाडू नका. 'तू त्यांचा माणूस' असे म्हणू नका. त्याला चुकीचा हुकूम आला आणि त्याने नाही म्हटले, तर त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे आपले काम आहे. एकट्या माणसाकडून शौर्याची अपेक्षा करणे आणि आपण घरी बसणे, हा न्याय नव्हे.

चौथी आमच्यासाठी आहे. ज्याच्याविरुद्ध पाण्याची तक्रार उभी आहे, अशा कोणाकडूनही हे चर्च देणगी घेणार नाही, असे आम्ही ठरवले आहे. धर्मग्राम समितीपुढेही हे मांडणार आहोत. आपल्या सभागृहाचे छप्पर गळते, हे आम्हांला माहीत आहे. यंदाच्या पावसाळ्यातही ते गळेल. बादल्या ठेवू.

तो कामगार पुन्हा आमच्याकडे आला नाही. काही महिन्यांनी आमची बदली झाली. तो काम करत राहिला की सोडून गेला, त्याच्या बहिणीच्या गावचे पाणी कसे झाले, हे आम्ही विचारलेही नाही. प्रायश्चित्त म्हणून हे आज तुमच्यापुढे लिहीत आहोत.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात पाणी तपासणीविषयी बैठक आहे. प्रत्येक गावातून निदान दोघांनी यावे. येताना आपल्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन यावे आणि बाटलीवर गावाचे नाव लिहावे.

प्रभू आपल्या घरांवर, शेतांवर आणि आपल्या नदीवर कृपादृष्टी ठेवो.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू